तिथीची पाऊणपट आणि छापील आकडे

ठाणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पुस्तकात छापलेलं आणि सगळ्यांनी मान्य केलेलं डोळे मिटून खरं मानायचं का, असं तू विचारलंस. माझं उत्तर असं: विश्वास ठेव, पण तो किती आणि कुठपर्यंत ठेवायचा हे प्रत्येक गोष्टीपुरतं ठरव. ती किती जण म्हणतात यावरून काहीच ठरत नाही. ती किती निरनिराळ्या वाटांनी तपासली गेली आणि खोटी ठरायची संधी मिळूनही टिकली का, एवढंच बघायचं.

खाडीकाठी राहतोस, म्हणून भरतीपासूनच सुरुवात कर. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक नियम चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, मोजणी एकपासून पंधरापर्यंतच. दिवसाची दुसरी भरती साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते.

हा नियम आजोबांनी सांगितला म्हणून स्वीकारू नकोस आणि त्यांनीच सांगितला म्हणून टाकूही नकोस. तो कुठून आला ते काढ. चांद्रमासात 30 तिथी असतात. तेवढ्या काळात भरती घड्याळावर रोज थोडी पुढे सरकत बरोबर 24 तासांचा फेरा पुरा करते. 1440 मिनिटांना 30 ने भाग. तिथीमागे 48 मिनिटं आली. पाऊणपट देते 45. तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून तिथीमागे 3 मिनिटं सोडलेली आहेत. पंचमीला ही तूट 15 मिनिटं होते, पौर्णिमेला 45. म्हणून पौर्णिमेला नियम सव्वाअकरा सांगतो आणि पाणी बाराच्या आसपास पुरं चढतं. प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे तूट महिनोन्‌महिने साठत नाही. ज्याने कुणी हा नियम बसवला, त्याला चूक कुठे थांबवायची हे कळत होतं. मला हे फार सुंदर वाटतं.

आता 48 चीही परीक्षा घे, कारण ती सरासरी आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती रोज साधारण 40 मिनिटांनी पुढे जाते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, अष्टमीच्या पुढेमागे, हाच फरक तासाच्या वर जातो. सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीशी कधी जुळते, कधी तिला आडवी जाते, म्हणून हे होतं. नवखा माणूस नेमके अष्टमी-नवमीचे दोन दिवस पाणी बघतो आणि पुस्तक खोटं असल्याचं जाहीर करतो. निदान एक पुरा पंधरवडा नोंद केल्याशिवाय काहीही ठरवू नकोस.

छापील कोष्टकाशी ताडतानाही एक घोटाळा हमखास होतो. मुंबईच्या भरतीचं कोष्टक अपोलो बंदरासाठी असतं. वाशीच्या सागर विहारजवळ किंवा ऐरोलीला उभं राहिलास तर खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढताना दिसेल. हा फरक रोज जवळपास सारखाच राहिला, तर कोष्टकही बरोबर आणि तुझं घड्याळही बरोबर. फक्त जागा वेगळी. तो रोज वेडावाकडा बदलला तर आधी स्वतःची पद्धत तपास. पाणी पुरं भरल्यावर काही मिनिटं स्थिर राहतं, त्यामुळे नेमका माथा डोळ्यांना पकडता येत नाही. एखाद्या खांबावर खूण करून ठेव, पाणी चढताना त्या खुणेला लागलं ती वेळ आणि उतरताना तिच्याखाली गेलं ती वेळ लिही, आणि दोन्हींचा मध्य काढ. (पावसाळ्यात ‘4.8 मीटरची भरती’ अशी बातमी येते तेव्हा ती उंची रस्त्यापासून किंवा सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली नसते. नौकानयनाच्या नकाशांसाठी ठरवलेल्या खालच्या पातळीपासून ती मोजतात.)

मग पाऊणपट खरी की खोटी? मुंबईच्या आसपास, तासाभराची चूक चालणार असेल तर खरी. जाळं टाकायला केव्हा निघायचं हे ठरवायला ती पुरते. मोठं जहाज गोदीत आणणारा तिच्यावर विसंबणार नाही, त्याला कोष्टकच लागतं. दुसऱ्या बंदरात तर ती लावायचीच नाही, कारण चंद्र माथ्यावर आल्यापासून भरती येईपर्यंतचा उशीर प्रत्येक बंदराचा वेगळा असतो. मान्य गोष्टीला अशी हद्द असते आणि सांगताना तीच आधी गळून पडते.

कधी काळाचीही हद्द असते. ‘ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा’ हे वाक्य तू अजून ऐकशील. 2011 च्या जनगणनेत ते शंभर टक्के खरं होतं: 1,10,60,148 माणसं. पण 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, वसईपासून तलासरीपर्यंतचे आठ तालुके गेले. त्याच जनगणनेचे आठ तालुक्यांचे आकडे वजा केलेस तर ठाण्याकडे सुमारे 80.7 लाख उरतात. पश्चिम बंगालच्या उत्तर 24 परगण्यात तेव्हाच एक कोटीच्या किंचित वर लोक होते. वजाबाकीचं काम आहे, तरी जुनं वाक्य छापलं जातं. ठाणे शहराचेही 2011 चे दोन आकडे फिरतात, 18.18 लाख आणि 18.41 लाख. पहिला प्राथमिक, दुसरा अंतिम. कुणी लबाडी केलेली नाही, पण कुठला घेतलास ते लिहायला हवं. आणि 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे त्या सालाच्या नावाने दिसणारा लोकसंख्येचा आकडा मोजणीचा नसून अंदाजाचा समजायचा.

नवी मुंबईच्या बाबतीत चूक भागाकारात होते. हे शहर वसवणाऱ्या सिडकोचं प्रकल्पक्षेत्र 344 चौरस किलोमीटर. महापालिकेची 2011 ची लोकसंख्या सुमारे 11.2 लाख. लोक एकाला दुसऱ्याने भागून दाटी काढतात आणि ती खऱ्याच्या तिसऱ्या हिश्शावर येते. खारघर, कामोठे, कळंबोली प्रकल्पात आहेत, पण महापालिका त्यांची पनवेल. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकाच हद्दीचे हवेत. इथे घसरणाऱ्यांत शिकलेली माणसंही भरपूर आहेत.

काही वेळा वाक्यातला एक शब्द गळतो, तेवढंच. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आली ती भारतातली पहिली प्रवासी गाडी. ‘पहिली गाडी’ म्हटलंस तर चुकलास, कारण मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच दगड वाहण्यासाठी रूळमार्ग चालू झाला होता. 

आणि तज्ज्ञ? 1923 मध्ये थिओफिलस पेंटर यांनी माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असल्याचं मांडलं. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या पुस्तकांत तेच होतं. मोजणारे मूर्ख नव्हते. पातळ कापांत गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असायची, नीट मोजता येत नसत, आणि उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे संशयास्पद मोजणी 48 कडेच ढकलली जाई. स्वीडनमध्ये जो हिन च्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी पेशी सौम्य द्रावणात फुगवल्या, कोल्चिसिन या रसायनाने पेशींचं विभाजन थांबवलं आणि दाबून गुणसूत्रं पसरवली. 1956 मध्ये त्यांनी छापलं: 46. तंत्र बदललं तेव्हा चूक दिसली. म्हणून दहा जणांनी तीच पद्धत वापरून तेच उत्तर काढलं असेल तर ते एकच साक्षीदार धर.

पण यावरून सगळंच पोकळ असं मनात घेऊ नकोस. एव्हरेस्टची उंची 1856 मध्ये 29,002 फूट जाहीर झाली, तीही दीडशेहून अधिक किलोमीटर दुरून कोन मोजून. 2020 मध्ये उपग्रहांच्या मदतीने 8848.86 मीटर ठरली. फरक सुमारे 9 मीटर, हजारात एक. दोन अगदी वेगळ्या पद्धती इतक्या जवळ येतात, तेव्हा त्या गोष्टीवर निर्धास्त विसंबावं. पुढची मोजणी दशांश बदलेल, डोंगर बदलणार नाही. तू शाळेत शिकलेल्या विज्ञानाचा मोठा भाग या जातीचा आहे. रोज त्याच्यावर शंका घेत बसलास तर खरी तपासणी करायला वेळच उरणार नाही.

आता कामाचं. एक वही कर. पानावर पाच रकाने आख: वाक्य जसंच्या तसं, ते पहिल्यांदा कुणी आणि कधी मोजलं, कुठल्या हद्दीत, दुसऱ्या पद्धतीने कुणी ताडलं का, आणि काय दिसलं तर ते खोटं ठरेल. शेवटचा रकाना भरता येत नसेल तर ते वाक्य मत म्हणून वेगळं ठेव. दुसरा रकाना भरताना एका बातमीवरून दुसरीवर जाऊन थांबू नकोस, मूळ अहवालापर्यंत पोहोच. वाटेत सगळ्या एकाच ओळीची नक्कल करताना सापडतील. पहिली नोंद पाऊणपटीची कर. येत्या अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत, रोज दिवसाउजेडी येणारी एकच भरती, एकाच जागी, एकाच घड्याळावर. पाऊस किंवा जोराचा वारा असेल त्या दिवसापुढे खूण कर, पण आकडा खोडू नकोस. वही भरली की घेऊन ये.

तुझा शुभचिंतक