छतावरचे ऊन आणि बिलातले युनिट : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे सौरऊर्जेच्या सरकारी योजनांविषयीची आहेत. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. शेवटचा प्रश्न सौरऊर्जेचा नाही, तरीही पहिल्या तीन प्रश्नकर्त्यांनी तो आवर्जून वाचावा.

प्रश्न : श्रीवर्धनला आमचे कौलारू घर आहे. महिन्याचा वीजवापर साधारण 190 युनिट असतो. मे महिन्यात मुले-नातवंडे आली की तो 250 च्या पुढे जातो. एका विक्रेत्याने 5 किलोवॉटची यंत्रणा सुचवली आहे आणि वीज गेली तरी घरातले दिवे चालू राहतील असे सांगितले आहे. बिल अजून माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावाने येते. आम्ही काय करावे? — एक वाचिका, श्रीवर्धन

उत्तर : सर्वप्रथम बिलावरचे नाव बदलून घ्यावे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत अर्ज वीजजोडणीधारकाच्या नावाने होतो आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात जमा होते. वारसनोंद राहून गेल्यामुळे महिनोन्‌महिने अडकलेले अर्ज मी कोकणात अनेक पाहिले आहेत.

आता क्षमतेविषयी. एक किलोवॉटच्या पॅनेलपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, म्हणजे 2 किलोवॉटपासून वर्षाला सुमारे 2,900 युनिट. आपला वर्षाचा वापर 2,400 युनिटांच्या आसपास आहे. कोकणातला पाऊस आणि झाडांची सावली वजा केली तरी आपल्याला 2 किलोवॉट पुरेसे आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये असे आहे. 3 किलोवॉटला ते 78,000 रुपयांवर थांबते. त्यापुढे यंत्रणा कितीही मोठी बसवली तरी एक रुपयाही वाढत नाही. म्हणजे 5 किलोवॉटमधल्या शेवटच्या दोन किलोवॉटचा सगळा खर्च आपल्या खिशातून जाईल, आणि त्यातून येणारी वीज आपल्याला वापरता येणार नाही.

ती वीज विकता येईल, असे विक्रेता सांगेल. नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट खात्यात जमा होतात आणि पुढच्या महिन्यांच्या बिलातून वळते होतात. 31 मार्चला जे शिल्लक राहतात, ते वीज कंपनी आपण भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने विकत घेते. एप्रिल-मेमधल्या कडक उन्हाची जमा आपल्याला जून ते सप्टेंबरच्या अंधारलेल्या दिवसांत उपयोगी पडेल, आणि या सोयीचा खरा लाभ तोच आहे. ही यंत्रणा उत्पन्नाचे साधन म्हणून बसवू नये. स्थिर आकार तर बिल शून्य युनिटांचे आले तरी भरावाच लागतो.

वीज गेल्यावर दिवे चालू राहतील, हे विक्रेत्याचे म्हणणे साध्या यंत्रणेच्या बाबतीत खरे नाही. बाहेरचा पुरवठा बंद पडताच पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो, कारण तसे झाले नाही तर आपल्या छतावरची वीज तारांमध्ये उतरून खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. वादळात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. दिवे चालू हवे असतील तर बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च वेगळा असतो आणि त्यासाठी जादा अनुदान मिळत नाही.

कौलारू छतावर सांगाडा रिपांवर टेकवू देऊ नये, तो वाशांनाच पक्का केला पाहिजे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या भागातल्या छपरांचे काय झाले, हे आपल्याला मी सांगायला नको. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, म्हणून जस्ताचा गरम मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा घ्यावा. पॅनेल दक्षिणेकडच्या उतारावर बसवावेत. आणि माडांची सावली आधी नीट पाहून घ्यावी. रायगड जिल्ह्यातल्या एका घरी सकाळी साडेनऊला मी इन्व्हर्टरसमोर उभा होतो. छतावरच्या तीन पॅनेलवर एकाच माडाच्या झावळ्यांची सावली पडली होती आणि 2 किलोवॉटच्या यंत्रणेचा आकडा 400 वॉटच्या वर सरकत नव्हता. अकराच्या सुमारास सावली अंगणात उतरली आणि तोच आकडा 1,300 च्या पुढे गेला. पॅनेल एकामागून एक जोडलेले असल्याने एकावर सावली आली की त्या ओळीतल्या इतरांचीही वीज घटते.

प्रश्न : माझी चार एकर शेती असून विहिरीवर वीजपंप आहे. भावाच्या दोन एकरांना वीजजोडणी नाही. आम्ही दोघांनी सौर पंप घ्यावा का? आमची तीन एकर मुरमाड जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने देण्याचाही विचार आहे. — एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना ज्यांच्याकडे वीजजोडणी नाही, अशा शेतकऱ्यांसाठी आहे. त्यामुळे आपल्या भावाने अर्ज करावा. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते.

आपल्या स्वतःच्या पंपासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना महत्त्वाची आहे. तिच्यात वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला, दिली जाते, म्हणजे पंप तोच राहतो आणि वीज दिवसा मिळते. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. त्याची क्षमता 3 मेगावॉट आहे. पंपाला लागणाऱ्या रात्रीच्या थ्री फेज विजेसाठी विजेरी घेऊन बांधाने चालणाऱ्या माणसाला साप-बिबट्याच्या भीतीतून सोडवणारी ही योजना आहे, आणि राज्यातल्या सगळ्या ऊर्जा योजनांमध्ये मी तिला वरचे स्थान देतो. आपला फीडर तिच्यात आला आहे का, याची चौकशी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात करावी.

जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ, असा दर आहे; तीन एकरांचे साधारण दीड लाख होतात. उपकेंद्रापासूनचे अंतर यात निर्णायक ठरते. करार दीर्घ मुदतीचा असतो, म्हणून तो सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनीच करावा आणि विहिरीला लागून असलेला तुकडा त्यात घालू नये.

एक काळजी मात्र मनापासून सांगतो. दिवसभर फुकट चालणारा पंप विहीर लवकर कोरडी करतो. भावाने पंपाबरोबरच ठिबकचाही विचार करावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत 48 सदनिका आहेत. गच्चीवर सौर पॅनेल बसवले तर सर्वांचे बिल कमी होईल का? — एक सचिव, डोंबिवली

उत्तर : सूर्यघर योजनेतून सोसायटीला किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात, परंतु ते सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि वाहनांचे चार्जिंग यांसाठी असतात. बिल सामाईक मीटरचे कमी होते, आणि सभासदांना त्याचा लाभ देखभाल शुल्कातून मिळू शकतो. त्या मीटरची बारा महिन्यांची बिले समोर ठेवून क्षमता ठरवावी आणि सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्यावा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे असेल तर ते आधी उरकावे. पॅनेलचे आयुष्य 25 वर्षे धरले जाते आणि एकदा बसवलेला सांगाडा गळतीसाठी काढणे फार महाग पडते.

प्रश्न : मी भाड्याच्या घरात राहतो, छत माझे नाही. या सगळ्यात माझ्यासाठी काही आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, आणि त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, पंखा 30 वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे 48. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांनंतर आणि पुन्हा 300 युनिटांनंतर दर चढतो, त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातले असतात. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकन सक्तीचे आहे, ते पाहूनच पंखा घ्यावा. घर बदलताना हे पंखे आपल्याबरोबर नेता येतात.

श्रीवर्धनच्या वाचिकांनीही पॅनेलच्या आधी पंखे बदलले, तर मे महिन्यातला त्यांचा आकडा 200 च्या जवळ येईल आणि 5 किलोवॉटचा प्रश्नच उरणार नाही.