रात्रीतून बॅटरी बसते, तेव्हा

नवी बॅटरी घ्यायची घाई करू नकोस. जानेवारीत नाशिकच्या थंडीत जुनी फियाट पहाटे चालू झाली नाही की सगळे बॅटरीलाच दोष देतात. आधी ती बाहेर काढून पूर्ण चार्ज कर आणि तशीच दोन दिवस ठेव. व्होल्टेज १२.६ च्या आसपास टिकलं, तर बॅटरी ठीक आहे, करंट गाडीच खातेय.

आता चावी बंद, दारं बंद. निगेटिव्हची वायर काढ आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोड. मल्टिमीटर नंतर; करंट जास्त असेल तर त्याचा फ्यूज पहिल्याच झटक्यात उडतो. बल्ब पेटला नाही तरच त्याच्या जागी मीटर दहा अँपिअरवर लाव. अर्धा अँपिअर म्हणजे किरकोळ वाटतं, पण ४० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअरवर चाळीस तास चालणारी) बॅटरी तेवढ्यावर तीन-साडेतीन दिवसांत रिकामी होते.

मग एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघ. मागून बसवलेला टेप आणि हॉर्न यांच्यावर माझा पहिला संशय. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर डायनॅमोची (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जाड वायर सोड, कारण ती फ्यूजमधून जातच नाही. माझ्या गाडीत कटआउटचे, म्हणजे इंजिन बंद झालं की डायनॅमो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले होते, काळे, खड्डे पडलेले. इंजिन बंद असतानाही बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी व्हायची. हे शोधायला मला दोन रविवार लागले.

आणि हो, काम करताना हातातली अंगठी, कडं काढून ठेव.