गच्चीवरचं ऊन आणि मिळकतकर

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट-पंपाचं बिल महिन्याला ६०० युनिट येतं. सौर पॅनेल किती लागतील? महापालिका करात सूट देते का?

उत्तर : पुण्यात एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, म्हणजे ५ किलोवॅट पुरे. बिनसावलीची ५०० चौरस फूट जागा हवी. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात, दुपारी चारला बघा. एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते, आणि ठेकेदार हे सहसा सांगत नाही. महावितरणकडे नेट मीटरिंगचा, म्हणजे जादा वीज त्यांना देऊन ती बिलातून वळती करून घेण्याचा, अर्ज आधीच करा. सौर, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांतला एक प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के सूट, दोन असतील तर १०. प्रकल्प मात्र चालू हवा. बंद आढळला तर सूट जाते.