फेसबुक-इन्स्टाग्राम असताना छोट्या चॅट ग्रुपमध्ये असं काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की सगळं जग फेसबुक-इन्स्टाग्रामवर असताना चाळीसेक जणांच्या ग्रुपमध्ये काय एवढं असतं. माझ्यापुरतं सांगतो: कुणी काय विचारलं होतं, हे तिथे इतरांच्या लक्षात राहतं.

पुण्यातल्या टेकड्यांवरच्या झाडांचा आमचा टेलिग्राम ग्रुप आहे. एप्रिलअखेर एका ताईंनी वेताळ टेकडीवरच्या निष्पर्ण झाडाचा फोटो टाकला. सालीचे पापुद्रे सुटलेले. 'हा कांडोळ का?' कोथरूडच्या एका काकांनी नाव सांगायची घाई केली नाही. 'खाली वाळकी पानं दिसतात का बघा. पंजासारखं पान असेल तर कांडोळ, कडुनिंबासारखं संयुक्त असेल तर सालई. आणि फळाला अंदाजाने हात लावू नका, कांडोळाच्या फळावर खाजरी लव असते.' ताई दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेकडी चढल्या. पानं मिळाली, फांदीवरची तिधारी फळंही फोटोत आली. सालईच! पावसाळ्यात त्या झाडाला पालवी फुटली, तेव्हा भलत्याच कुणीतरी फोटो टाकला: 'ताई, तुमची सालई.'

मोठ्या माध्यमांवर हे जमणं फार अवघड. इन्स्टाग्रामने २०१६ साली काळाचा क्रम सोडून, तुम्हाला काय आवडेल या अंदाजाने पोस्ट लावायला सुरुवात केली. मग साधा प्रश्न तळाला जातो, वाद पेटला की वर येतो. विचारणाराही हळूहळू अनोळखी गर्दीसाठी लिहायला लागतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. चॅटरूम तशी जुनीच गोष्ट आहे. आयआरसी ही इंटरनेटवर गटाने चॅट करायची सोय १९८८ साली फिनलंडमध्ये सुरू झाली. त्यात लाइकचं बटण नव्हतं, संदेश आले तसे दिसायचे.

नुसता ग्रुप छोटा असून भागत नाही, हेही सांगायला हवं. नातेवाइकांच्या पंधरा जणांच्या ग्रुपवरही दिवसभर फॉरवर्डच येत असतात. सगळ्यांना मनापासून धरून ठेवणारा एक विषय लागतो.

छोट्या ग्रुपची मला सलणारी गोष्ट एकच, आतलं ज्ञान बाहेरच्याला शोधून सापडत नाही. म्हणून झाडाची ओळख पक्की झाली की आम्ही ती नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या वेबसाइटवरही टाकतो.

तुम्ही एखाद्या ग्रुपमध्ये गेलात तर आठवडाभर नुसतं वाचा. नवख्याच्या अगदी साध्या प्रश्नाला जुनी माणसं कसं उत्तर देतात ते बघा, आणि मगच राहायचं की नाही ते ठरवा.