तीन मिलिमीटरची पट्टी

प्रिय मित्रा,

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या चाळीस माणसांच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, सेफ्टीचं काम तुझ्याकडे आलंय, आणि जोडीला स्टोअर आणि हजेरीही. लहान कारखान्यात असंच असतं. त्यात एक सोय आहे: स्टोअर तुझ्याच हातात असल्यामुळे मास्क आणायला चार सह्या लागत नाहीत. मात्र कुठल्या मोठ्या कंपनीतून मागून आणलेली सेफ्टीची जाड फाइल पुढ्यात घेऊन बसू नकोस. हजार माणसांसाठी लिहिलेली ती फाइल तुमच्याकडे कपाटातच राहील.

पहिले पंधरा दिवस पोस्टर नको, भाषण नको. वही घेऊन मशीन चालतात तिथे, शॉपवर उभा राहा, रात्रपाळीलाही जा. मशीनवरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, काढून ठेवलेला दिसला तर ओरडू नकोस, का काढला ते विचार. बहुतेक वेळा उत्तर येतं की गार्ड लावला की जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, बसत नाही. म्हणजे दोष गार्डच्या मापात आहे, माणसात नाही. दंड लावलास तर तू येताना गार्ड चढेल आणि तू वळलास की उतरेल. मग वहीतून तीनच धोके निवड. एकदम वीस हाती घेतलेस की एकही तडीस जात नाही.

तुमच्याकडे पहिला धोका पाण्याचा. वितळलेलं लोखंड १,४०० अंशांच्या आसपास असतं. त्याच्याखाली पाणी सापडलं की क्षणात वाफ होते, १,६०० पटींहून जास्त फुगते आणि धातू वर उडवते. जूनमध्ये आपल्याकडे झड लागली की उघड्यावरचं भंगार भिजतं. वरून कोरडं दिसलं तरी पाइपात, डब्यात, कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव तुकड्याच्या खोबणीत पाणी साचलेलं असतं. म्हणून पावसाआधी भंगारावर छप्पर घालून घे. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, शॉक ॲब्सॉर्बर, छोटा सिलिंडर भट्टीपर्यंत पोचता कामा नये. भंगार निवडणाऱ्याला असे तुकडे हातात देऊन दाखव. लॅडल, म्हणजे वितळलेला धातू वाहून न्यायचं भांडं, नीट तापवल्याशिवाय धातू घ्यायचा नाही. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो भट्टीखालचा खड्डा. भट्टीचं आतलं अस्तर फुटलं तर धातू तिथेच उतरणार, आणि पावसाळ्यात जमिनीतून पाझरून नेमकं तिथेच पाणी साठतं. शिफ्ट सुरू होताना बॅटरी मारून खड्डा बघायचा, कोरडा नसेल तर भट्टी चालू करायची नाही. हा अधिकार भट्टीवाल्याला मालकाच्या तोंडून, सगळ्यांसमोर मिळू दे.

दुसरा धोका फेटलिंगचा, म्हणजे ओतलेल्या तुकड्याच्या कडा घासून साफ करायचा ग्राइंडर. घासायचं चाक आणि जॉब टेकवायचा टेका यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढते, जॉब आत ओढला जातो, चाक फुटतं. ३ मिलिमीटर जाडीची पत्र्याची पट्टी कापून प्रत्येक ग्राइंडरला दोरीनं बांध. मशीन बंद असताना पट्टी फटीत घालून बघायची. सैल गेली की टेका पुढे सरकवायचा. मोजपट्टी शोधायला कुणी जात नाही, समोर लोंबणारी पट्टी मात्र हाताला लागते. नवं चाक चढवण्याआधी ते टांगून लाकडी मुठीनं हलकेच वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे, बाजूला टाकायचं. चाकावर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको. चढवल्यावर मिनिटभर मोकळं फिरू द्यायचं, तेही बाजूला उभं राहून. फिरत्या चाकापाशी आणि ड्रिलवर सुती हातमोजे नकोत. धागा अडकला की हात ओढला जातो.

तिसरा धोका धुळीचा. तो दिसत नाही आणि वर्षानुवर्षं आत साचतो. साच्याच्या वाळूतल्या सिलिकामुळे फुफ्फुसाला झालेली इजा भरून येत नाही, त्यामुळे इथे चालढकल नको. कोरडा झाडू बंद कर, पाण्याचा हलका फवारा मारून मग झाडू दे. कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग झटकणंही बंद. धूळ ओढणारा हूड काम करतो का हे बघायला उदबत्ती पुरते: जॉब धरतात तिथे ती धर, धूर हूडकडे गेला नाही तर धूळही जात नाही. रुमाल म्हणजे मास्क नव्हे. बारीक धूळ अडवणारा एफएफपी२ मास्क दे आणि दाढी वाढली असेल तर तो चेहऱ्याला चिकटत नाही, हेही सांग.

कागद थोडेच ठेव, पण एक चुकवू नकोस. ठेकेदाराचा नवा माणूस असला तरी ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची नोंद झाल्याशिवाय मशीनवर उभा करायचा नाही, आणि त्याला सूचना त्याच्या भाषेत द्यायची. परराज्यातून आलेला पोरगा मराठी बोर्ड बघून मान हलवतो, कळलेलं काहीच नसतं.

‘थोडक्यात वाचलो’ अशी एक वही चहाच्या जागी ठेव. नाव लिहायची सक्ती नको. लिहिलेल्या गोष्टीवर तीन दिवसांत काहीतरी झालं पाहिजे. होणार नसेल तर का नाही, ते त्याच पानावर लिही. दोन वेळा उत्तर आलं नाही की तिसऱ्यांदा कुणी लिहीत नाही. अपघात न झाल्याबद्दल बक्षीस लावू नकोस. बक्षिसापायी माणसं कापलेलं बोट खिशात लपवतात.

मालकांना आठवड्यातून एकदा, डिस्पॅचचं, म्हणजे माल पाठवायचं ठरतं त्याच बैठकीत, पंधरा मिनिटं माग. भट्टीवरचा एक, फेटलिंगचा एक आणि ठेकेदाराचा एक माणूस तिथे हवा. एकच दुरुस्ती ठरवायची, कोण करणार आणि कुठल्या तारखेला ते लिहायचं. पुढच्या बैठकीत आधी तीच तारीख वाचायची.

पहिल्या बैठकीला जाताना ती पट्टी बरोबर ने आणि मालकांनाच ग्राइंडरपाशी नेऊन फटीत घालायला सांग.

तुझा,
एक हितचिंतक