नागपूरकरांना उन्हाचं काय सांगता?

मावशी,
आम्ही अर्व्हाइनला राहतो, लॉस एंजेलिसच्या थोडं खाली. मुलं नऊ आणि चार वर्षांची. सासू-सासरे नागपूरहून पाच महिन्यांसाठी आले आहेत. सासरे ७१ वर्षांचे, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त. सासूबाई ६८ च्या, बीपीची गोळी चालू. नवऱ्याने मला न विचारता जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाम स्प्रिंग्जला रिसॉर्टचं चार रात्रींचं बुकिंग केलं आणि ‘निम्म्या भावात मिळालं’ म्हणून खुशीत आहे. तिथे तेव्हा बेचाळीसच्या वर असतं म्हटलं, तर म्हणतो, ‘आईबाबा नागपूरचे. त्यांना उन्हाचं काय सांगतेस? तू रत्नागिरीची, तुलाच सोसत नाही.’ त्या दोघांना विचारलं तर, ‘तुम्ही न्याल तिकडे येऊ.’ वर नणंदेचा मेसेज, ‘वहिनी, आईबाबांना वाळवंटात नेताय म्हणे?’ जसं काही मीच नेतेय! कुणाला काही झालं तर धावणार मी आणि बोलणीही मीच खाणार. नाही म्हणू की गप्प बसू?
– धास्तावलेली

प्रिय धास्तावलेली,

आधी तुझ्या नवऱ्याच्या वाक्याचा समाचार घेते. मी अकोल्याची आहे आणि ते मला चांगलंच झोंबलंय. ‘नागपूरकरांना उन्हाचं काय सांगता’ हे विदर्भ सोडून वर्षानुवर्षं एसीत काढलेला माणूसच बोलू जाणे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. भाजी सकाळी सातच्या आत, लग्नाची खरेदी रात्री आठनंतर. माझी आई खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायची आणि दर अर्ध्या तासाने त्यांवर लोटीने पाणी मारायची. अंधार केलेल्या खोलीत ओल्या वाळ्याचा वास कोंदायचा आणि आम्ही पोरं शहाबादी फरशीला गाल लावून पडून राहायचो. बाहेर पडणं टळतच नसेल तर कानाडोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. (कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण कांदा शोधता शोधता निम्मी माणसं जायचंच रद्द करतात, हा त्याचा गुण.)

नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. त्या दुपारी तुम्ही काय करत होतात, असं सासऱ्यांना सहज विचार. कचेरीत असतील नाहीतर कूलरसमोर. नातवंडांना घेऊन निसर्गरम्य स्थळ बघायला खचितच गेले नसतील. म्हणजे त्यांचं नागपूरपण ही तुझ्या बाजूची साक्ष आहे, आणि नवरा ती आपली म्हणून फिरवतोय.

निम्म्या भावाचं म्हणशील तर पाम स्प्रिंग्ज हे मुळात हिवाळ्याचं गाव. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे कॅनडाकडची आणि बर्फाळ राज्यांमधली म्हातारी मंडळी थंडी चुकवायला येतात, तेव्हा खोली मिळत नाही. जुलैत भाव पडतो, कारण दुपारचं सरासरी तापमानच १०८ फॅरनहाइट, म्हणजे आपलं ४२ असतं. ५ जुलै २०२४ ला तिथे १२४ फॅरनहाइटचा, म्हणजे ५१ अंशांचा उच्चांक झाला. हवा बहुधा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो, अंग ओलं लागतच नाही आणि माणसाला वाटतं आपल्याला कुठे उकडतंय! मधूनच दक्षिणेकडून दमट हवा शिरते. त्यालाही ते लोक मान्सूनच म्हणतात. एक गंमत सांगते. आपण ज्याला ‘डेझर्ट कूलर’ म्हणतो, त्याच यंत्राला त्या वाळवंटातली माणसं ‘स्वॉम्प कूलर’ म्हणतात, दलदलीचा कूलर. आणि त्या दमट दिवसांत तो तिथेही नागपूरच्या जून महिन्यासारखाच नुसती चिकचिक करतो. हे सासऱ्यांना सांग, त्यांना आवडेल.

आता ‘तुम्ही न्याल तिकडे येऊ’ याबद्दल. या वाक्याला होकार समजू नकोस. मी ही चूक केलेली आहे. मुलं लहान असताना मेच्या सुट्टीत आम्ही सासूबाईंना घेऊन जैसलमेरला गेलो होतो. स्वस्त पडलं होतं, दुसरं कारण नव्हतं. किल्ल्यातली जैन मंदिरं बघायला भरदुपारी गेलो, चपला बाहेर काढल्या. मी मोजे घातले होते, मुलांना त्यांच्या बाबांनी कडेवर घेतलं होतं. सासूबाई पिवळ्या दगडाच्या त्या अंगणातून एकट्या, सावकाश चालत आल्या. कोरीव काम बघितलं, ‘फार सुंदर’ म्हणाल्या. रात्री जेवण झाल्यावर मला हळूच विचारतात, ‘थोडं तूप मिळेल का गं इथे?’ कशाला म्हटलं, तर पदर सावरून पाय पुढे केले. दोन्ही तळव्यांना फोड. (भाजल्यावर तूप लावायचं नसतं, गार पाण्याची धार धरायची असते. तेव्हा मलाही माहीत नव्हतं.) ‘अहो, बोलायचं ना!’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘तुमची ट्रिप कशाला खराब करू?’

त्या पिढीला ‘चालेल ना?’ असं विचारलं की ‘चालेल’च येणार. म्हणून तसं विचारायचंच नाही. निवड समोर ठेवायची, तीही चहाच्या वेळी, नवऱ्याच्या देखत: ‘आई, जुलैत दोन रात्री कुठेतरी जायचंय. सॅन डिएगोचा समुद्र आहे, तिथे हवा छान असते. नाहीतर वाळवंटातलं एक गाव आहे, तिथे आपल्या मेसारखंच कडक ऊन, पण वर गार डोंगर आहे. तुम्हाला काय बघायला आवडेल?’ आणि मग तू गप्प राहायचं. पहिलं उत्तर ‘तुम्हीच ठरवा’ असंच येईल. तरीही गप्प. दुसऱ्या उत्तरात खरं काय ते येतं. समुद्र म्हणाल्या तर प्रश्नच मिटला, सॅन डिएगो तुमच्याकडून दीड तासावर आहे. बुकिंग कधीपर्यंत रद्द करता येतं ते मात्र आजच वाचून ठेव. अशा सवलतीच्या दरांत बरेचदा पैसे परत मिळत नाहीत आणि मग ‘पैसे भरलेत’ हेच जाण्याचं कारण होऊन बसतं.

आणि वाळवंट निघालं तर? तर खुशाल जा. तुला वाटलं असेल मावशी नकोच म्हणेल, पण मला ते गाव पटतं, ऊन ओळखून गेलं तर. फक्त चारच्या दोन रात्री करा, बुधवार ते शुक्रवार.

पहिली मेख पहिल्याच दिवशी आहे. खोली दुपारी तीन-चारच्या आधी हातात येत नाही. सकाळी उत्साहाने निघालात तर बारा वाजता सामान, म्हातारी माणसं आणि पेंगुळलेला चार वर्षांचा मुलगा घेऊन तुम्ही तापलेल्या गाडीत. म्हणून गावात शिरायचंच नाही. वाटेत पवनचक्क्यांचं रान लागेल (चाळकेवाडीचं पठार आठवेल, फक्त इथे हिरवळ नाही), ते ओलांडून गावाच्या अलीकडेच रोपवेकडे वळा. हा ट्रामवे १९६३ चा आहे. दहा मिनिटांत पाळणा सॅन हासिंतो डोंगरावर साडेआठ हजार फुटांवर नेतो, आणि वर जाताना त्याची जमीन गोल फिरत राहते. वर पाइनची झाडं, बसायला जागा, खायला मिळतं, आणि हवा खालच्यापेक्षा सतरा-वीस अंशांनी गार. चारच वर्षांच्या मुलाला वाळवंटात स्वेटर घालायला लागतो याचं केवढं अप्रूप वाटेल! तिकिटं आधी काढा. दुपार सगळी वर काढायची आणि चारला उतरून थेट खोलीत. मात्र समुद्रसपाटीवरून एकदम एवढ्या उंचीवर जाणं सासूबाईंच्या बीपीला चालेल का, हे त्यांच्या नागपूरच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर विचारून घ्या. त्याच कॉलमध्ये गोळीचंही विचारा. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्या घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी उन्हाळ्यात पटकन कमी होतं. गोळी मनाने मात्र बंद करू नका.

गुरुवारी सहाला उठा. पाम डेझर्टमधलं ‘लिव्हिंग डेझर्ट’ हे प्राणिसंग्रहालय उन्हाळ्यात सकाळी लवकर उघडतं आणि दुपारी लवकर मिटतं, यातच सगळं आलं. दोन तास पुरेत. तिथून पुढे इंडिओकडे खजुराच्या बागा. अमेरिकेतला बहुतेक खजूर याच खोऱ्यात पिकतो आणि तिथल्या दोन गावांची नावं चक्क मक्का आणि थर्मल अशी आहेत. खजूर घालून दुधाचा घट्ट शेक देतात, मुलांना दोघांत एकच द्या. साडेअकरापर्यंत खोलीत परत. मग जेवण, पडदे ओढून झोप, पत्त्यांचा डाव. ही दुपार फुकट गेली असं नवऱ्याला वाटू देऊ नकोस. सहलीतली हीच वेळ आजी-आजोबांची असते. संध्याकाळी पोहायचा तलाव, आणि गुरुवारी रात्री पाम कॅनियन रस्त्यावर गाड्या बंद करून बाजार भरतो, तिथे एक चक्कर.

सासऱ्यांसाठी एक खास गोष्ट राखून ठेवलीय. त्या गावाचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. एक चौरस मैल मूळच्या कावीया लोकांच्या अग्वा कालिएन्ते जमातीचा, शेजारचा एक चौरस मैल सरकारने तेव्हा रेल्वेला दिलेला, असे एकाआड एक चौकोन. १८७० च्या दशकातली ही वाटणी. आजही गावातली कित्येक घरं आणि हॉटेलं जमातीच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत. जमातीचं नवं संग्रहालय २०२३ मध्ये गावाच्या मध्यभागी उघडलं आहे. शुक्रवारी खोली सोडल्यावर तिथे जा, आत छान गारवा असतो. आयुष्यभर सातबारा आणि मोजणी केलेला माणूस त्या नकाशासमोरून हलणार नाही, तेव्हा घाई करू नका.

काही बारीकसारीक. तलावाकाठच्या काँक्रीटवर मुलांना अनवाणी सोडू नकोस. माझ्या सासूबाई आठव. उभ्या गाडीतल्या सीटबेल्टची कडी आधी स्वतःच्या हाताने चाचप, मग मुलाला बसव. आणि पाच मिनिटांसाठीही कुणाला गाडीत ठेवायचं नाही, आजोबा घोरायला लागले तरी. पाणी प्रत्येकाच्या वेगळ्या बाटलीत, म्हणजे कोण पीत नाही ते कळतं. गाडीत राखीव पाणी वेगळं. पन्हं जरूर कर, सासूबाईंच्या वाट्याला मीठ बेताने. खोलीत शेगडी असली तरी खमंग फोडणीच्या भानगडीत पडू नका, तिथले धुराचे भोंगे आपल्या मोहरीला ओळखत नाहीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही, झालं.

तुझी खरी धास्ती हॉस्पिटलची आहे, हे मी ओळखलंय. ती खोटी नाही. तेव्हा व्हिजिटर इन्शुरन्सचा कागद काढून आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बीपीमुळे उद्भवलेलं दुखणं त्यात बसतं की नाही, किती रकमेपर्यंत, ते फोन करून विचारा. सासूबाईंच्या गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते कागदावर उतरवून घ्या. आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथल्या डॉक्टरला कळत नाही. आणि एक खूण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव: डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं इथपर्यंत सावली, पाणी, विश्रांती. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा भोवळ येऊन पडला तर सरळ ९११ ला फोन. खर्चाचा विचार तेव्हा नाही. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा.

हे सगळं वाचून तू वही काढली असशील. थांब. इन्शुरन्सचा फोन, डॉक्टरांचा कॉल आणि औषधांचा कागद ही तिन्ही कामं नवऱ्याची. त्याला भांडून सांगू नकोस, नुसतं सांग: ‘बुकिंग तू केलंस, मला आवडलं. आता आईंची फाइल तुझ्याकडे. मी मुलांचं आणि खाण्याचं बघते.’ तो ‘तुला जास्त कळतं त्यातलं’ म्हणेल. हे कौतुक घ्यायचं आणि फाइल त्याच्याच हातात ठेवायची. ज्या दिवशी तो स्वतः डॉक्टरांना ‘आईला बेचाळीस डिग्रीत नेतोय, चालेल ना?’ असं विचारेल, त्या दिवशी ते वाक्य त्याच्याच कानांवर पहिल्यांदा पडेल.

नणंदेच्या मेसेजला तू उत्तर दिलं नसशील अशी आशा आहे. दिलं नसशील तर देऊही नकोस. फोन नवऱ्याकडे दे आणि म्हण, ‘ताईंचा निरोप आहे, तुझ्यासाठी.’

– मावशी