वाचकांचे प्रश्न : चित्रपुस्तके, बचत आणि खर्च

प्रश्न : आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. बचतीविषयीची चित्रपुस्तके आम्ही तिला इतक्या वेळा वाचून दाखवली आहेत, की पान उलटण्याआधीच ती पुढचे वाक्य म्हणते. तरीही दुकानात गेल्यावर दिसेल ती वस्तू तिला तिथल्या तिथे हवी असते. या पुस्तकांचा खरोखर उपयोग होतो का, की आम्हीच घाई करीत आहोत?

उत्तर : गोष्ट पाठ होणे आणि गोष्टीतले शहाणपण ऐन दुकानात आठवणे, यांत या वयाच्या मुलाच्या दृष्टीने बरेच अंतर असते, त्यामुळे ती हट्ट करते एवढ्यावरून पुस्तके वाया गेली असे समजू नये. लहान मुलाला पैसा कसा दिसतो, हे आधी लक्षात घ्यावे लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखवून दिले, की सारख्याच संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडून त्यांतली एक मुलांच्या डोळ्यांदेखत पसरून लांब केली, तर साधारण सहा-सात वर्षांखालची बरीच मुले लांब ओळीत सोंगट्या जास्त आहेत असे सांगतात. ज्या वयात डोळ्यांना दिसणारी लांबी संख्येवर मात करते, त्या वयात एका नोटेपेक्षा मूठभर चिल्लर अधिक वाटावी, किंवा दुकानदाराने सुटे पैसे परत दिले म्हणजे आपले पैसे वाढले असे वाटावे, यात नवल नाही. अशा मुलाला ‘पैसे जपून वापरावेत’ हे वाक्य कितीही वेळा ऐकवले, तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

चित्रपुस्तकाचे बळ नेमके इथे आहे. एका पानावर पात्राच्या हातात पाच नाणी असतात, पुढच्या पानावर एक खेळणे आणि दोन नाणी असतात, आणि मुलाला शंका आली तर ते पान मागे उलटून पुन्हा मोजू शकते. खऱ्या खरेदीत ही सोय नसते. थांबणेही चित्रात दाखवता येते. हवी असलेली वस्तू काचेमागे तशीच आहे, बाहेर ऊन जाऊन पाऊस आला आहे, आणि गल्ल्यातली नाणी थोडी वर चढली आहेत, अशी चार-पाच पाने एखाद्या कसबी चित्रकाराने काढली, तर ‘वाट पाहणे’ म्हणजे काय, हे मुलाला एकाही उपदेशाविना कळते. म्हणून ज्या पुस्तकात नायकाचे पैसे एका पानात जमा होतात आणि दुसऱ्या पानात वस्तू घरी येते, ते पुस्तक कितीही देखणे असले तरी या कामासाठी मी बाजूला ठेवीन.

एक पथ्य मात्र पाळावे. मूल दुकानात हट्ट करीत असताना ‘पुस्तकातल्या मुलीने काय केले होते?’ असे विचारू नये. त्या क्षणी ते ऐकण्याच्या स्थितीत नसते, आणि आवडीच्या गोष्टीचा वापर रागावण्यासाठी होतो हे त्याच्या चांगले लक्षात राहते. आठवण करून द्यायचीच असेल, तर ती घरातून निघण्यापूर्वी द्यावी, आणि आज काय घ्यायचे आहे हेही त्याच वेळी ठरवावे.

प्रश्न : पैशांविषयीच्या बहुतेक बालपुस्तकांत काटकसरी प्राणी सुखी होतो आणि उधळा प्राणी शेवटी पस्तावतो. अशी पुस्तके घ्यावीत का? झडपा उघडणारी, चित्रे ओढता येणारी पुस्तके मुलांना अधिक आवडतात. त्यांचा उपयोग अधिक होतो का?

उत्तर : प्राण्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात यात शंका नाही, प्रश्न आहे तो त्यांतले वागणे मुले स्वतःकडे घेतात का, हा. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना आपल्याकडचे दुसऱ्याला देण्याविषयीची गोष्ट वाचून दाखवली होती. पात्रे माणसांची असताना मुलांनी त्यानंतर आपल्याकडची चिकटचित्रे (स्टिकर) दुसऱ्यांना अधिक वाटून दिली. तीच गोष्ट कपडे घातलेल्या, बोलणाऱ्या प्राण्यांची असताना मात्र तसा परिणाम दिसला नाही. हा प्रयोग बचतीविषयीचा नव्हता, तेव्हा त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी मुलासारखेच मूल असलेली निदान काही पुस्तके संग्रहात असावीत, इतके तो नक्की सुचवतो.

उधळ्याला शिक्षा देणाऱ्या गोष्टींविषयी माझे मत अधिक कडक आहे. खरे बोलण्याविषयी 2014 मध्ये झालेल्या एका अभ्यासात, खोटे बोलणाऱ्याची फजिती दाखवणाऱ्या गोष्टींनी मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. खरे बोलणाऱ्याचे कौतुक झालेल्या गोष्टीने मात्र फरक पडला. पैशांच्या बाबतीत तर शिक्षेची गोष्ट मुळातच अर्धवट असते, कारण खर्च हा अपराध नव्हे. ज्याने विचार करून एखादी वस्तू घेतली आणि तिचा पुरेपूर आनंद लुटला, असे पात्र या पुस्तकांत फार क्वचित भेटते, ही मला त्यांची सर्वांत मोठी उणीव वाटते. शिवाय ज्या घरात महिनाअखेरीस काही उरतच नाही, त्या घरातल्या मुलाने ‘बचत न करणारा आळशी असतो’ असे सांगणाऱ्या गोष्टीतून आपल्या आईवडिलांविषयी काय समजावे?

झडपांविषयी थोडक्यात सांगायचे, तर मुलांचे लक्ष त्या झडपांकडेच जाते आणि पुस्तकातला मजकूर मागे पडतो, असे 2010 मधील एका अभ्यासात आढळले आहे. साधी, स्वच्छ, मोजता येतील अशी चित्रे बरी.

प्रश्न : मी बालवर्गाला शिकवते. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असे विचारले, की सगळी मुले एका सुरात ‘बचत करावी’ म्हणतात. याहून वेगळे काय विचारावे?

उत्तर : तो प्रश्न शक्यतो विचारूच नये, त्याचे उत्तर बाईंना काय हवे आहे, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळते. संवादी वाचनाची जी पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 च्या सुमारास मांडली, तिच्यात मोठी माणसे वाचता वाचता थांबतात, मोकळे प्रश्न विचारतात आणि मुलाने दिलेल्या उत्तरात भर घालून त्याला पुढे बोलते करतात. आपल्या विषयात थांबण्याची जागा गोष्टीच्या शेवटी नसून मध्यावर असते, जिथे पात्राच्या हातात पैसे आहेत आणि त्याने अजून काही ठरवलेले नाही. तिथे पुस्तक उघडे ठेवून ‘आता हा काय करील?’ आणि नंतर ‘तू काय केले असतेस?’ असे विचारावे. कोणी ‘मी सगळे पैसे फुग्यांवर घालवीन’ म्हटले, तर दुरुस्ती न करता ‘मग तुझ्याकडे किती उरतील?’ एवढेच विचारावे आणि मुलांना चित्रातली नाणी बोटाने झाकून मोजू द्यावीत. ‘न घेता राहिलेल्या वस्तूचे काय झाले?’ हाही चांगला प्रश्न आहे, कारण एक वस्तू घेतली म्हणजे दुसरी सोडली, ही गोष्ट मुलांच्या सहजासहजी लक्षात येत नाही.

प्रश्न : पुस्तके वाचून सहा वर्षांच्या नातवाने गल्ला भरायला घेतला आणि आता तो एकही नाणे खर्च करू देत नाही. घरात कधी सुटे पैसे कमी पडले, म्हणून त्यातले थोडे घेतले, तर रडून गोंधळ घालतो. त्याला कंजूषपणा शिकवला गेला का?

उत्तर : आजोबा, इथे नातवाची बाजू मला अधिक पटते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे, समोरचा गोड पदार्थ लगेच न खाता थांबल्यास दोन मिळतील असे मुलांना सांगणारे प्रयोग प्रसिद्ध आहेत. रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी पुढे तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांवर त्यात एक भर घातली, आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. आधी काही मुलांना दिलेला शब्द मोठ्या माणसाने पाळला, काहींच्या बाबतीत तो मोडला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला, ती मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली. ज्यांच्या बाबतीत तो मोडला, ती सुमारे तीन मिनिटे. म्हणजे थांबणे हा केवळ मुलाच्या स्वभावाचा भाग नाही. ठेवलेली वस्तू जागेवर राहील या भरवशाचाही तो भाग आहे. गल्ल्यातले पैसे त्याला न विचारता घेऊ नयेत, आणि विचारून घेतले तर ठरलेल्या दिवशी परत करावेत.

खर्चाचे म्हणाल, तर त्याच्या गल्ल्याला बहुधा हेतूच नाही. आवडीच्या पुस्तकातल्यासारखे त्याला हव्या असलेल्या वस्तूचे चित्र काढून ते गल्ल्यावर चिकटवायला सांगा, वस्तू काही आठवड्यांत आवाक्यात येईल अशीच निवडा, आणि पैसे पुरेसे झाले की ती त्याच्या हातानेच पैसे मोजून विकत घेऊ द्या. ती दोन दिवसांत मोडली, तरी लगेच दुसरी आणून देऊ नका.